शनवार तेली बीरशेव्यात

१९५१ साल सरत आलं होतं. तेल अवीवमध्ये ज्यूंना इस्रायलमध्ये आणून वसवणाऱ्या ज्यू एजन्सीच्या कचेरीसमोर दीडशेच्या आसपास माणसं रस्त्यावर ठाण मांडून बसली. बायकामुलांसह अख्खी कुटुंबं होती. आपसात ती मराठीत बोलत होती. दक्षिणेकडच्या बीरशेवा गावाहून ती आली होती आणि त्यांचं मागणं एकच होतं : आम्हाला मुंबईला परत पाठवा.

ही माणसं बेने इस्रायल. पेणकर, रोहेकर, नवगावकर अशा आडनावांची, कोकणच्या मातीतली. इस्रायलचं राष्ट्र जन्माला येऊन जेमतेम साडेतीन वर्षं झाली होती आणि ज्या भूमीचं नाव पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थनेत घेतलं, तिच्यावर पाय ठेवून त्यांना फार दिवस लोटले नव्हते. मग इतक्या लवकर मागे फिरायची वेळ त्यांच्यावर का आली? पाण्याची टंचाई, तंबूतली थंडी, रेशनचं धान्य ही कारणं खरीच आहेत, पण ती सगळ्यांच्याच वाट्याला आली होती. बेने इस्रायलांच्या दुःखाचं मूळ शोधायचं तर आधी अलिबागेला जावं लागतं.

अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांचा वंश कोकणात वाढला, असं त्यांची परंपरा सांगते. या लोकांनी तेलाचे घाणे टाकले. शनिवारी घाणा बंद असायचा, म्हणून गावानं त्यांना नाव दिलं ‘शनवार तेली’. त्या नावात मला एक मोठी गोष्ट दिसते. त्यांचा धर्म कोणता, ग्रंथ कोणता, पूर्वज कोण याच्या खोलात गाव शिरलं नाही. शनिवारी घाणा फिरत नाही एवढं लोकांनी पाहिलं आणि तेवढ्यावर त्यांचं वेगळेपण मान्य केलं. शेजारी दुसऱ्या दिवशी तेल घ्यायला आले, विषय संपला.

कोकणात त्यांनी आपले सण मराठीत आणले. नवीन वर्षाचा तो नव्याचा सण. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाच्या उपासाला नाव पडलं ‘बिरड्याचा रोजा’, कारण उपास सोडताना पानात वालाचं बिरडं असायचं. प्रार्थनागृहाला ते मशीद म्हणत. मुंबईतली त्यांची पहिली मशीद १७९६ साली सॅम्युएल एझेकिएल दिवेकर, म्हणजेच समाजी हसाजी दिवेकर यांनी मांडवी भागात बांधली. वल्हांडणाच्या, म्हणजे पासोव्हर सणाच्या रात्री वाचायची हगादा १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्यातल्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका इथल्याच पेहरावात बसल्या आहेत. पुढे हे लोक पलटणीत गेले, रेल्वेत आणि सरकारी कचेऱ्यांत गेले, डॉक्टर, परिचारिका, शिक्षिका झाले. १९३७ साली डॉ. ई. मोझेस मुंबईचे महापौर झाले.

इतकं सगळं असताना ते गेले का? इथे त्यांचा छळ झालेला नव्हता, आणि हे बेने इस्रायल स्वतः नेहमी आवर्जून सांगत आले आहेत. युरोपातले आणि अरब देशांतले ज्यू जिवाच्या भीतीनं पळाले. कोकणातले ज्यू श्रद्धेनं गेले. इंग्रजांचं राज्य संपल्यावर कचेऱ्यांतल्या नोकऱ्यांचं कसं होईल ही धास्ती काहींना होती, तरुणांना नव्या देशाचं आकर्षण होतं, हे खरं. पण घराघरातून जे बोललं गेलं ते एवढंच की आता आपलं राज्य झालं आहे, आपण तिथे असायला हवं. जुलै १९५० मध्ये परतीचा कायदा झाला. जगातल्या कोणत्याही ज्यूला इस्रायलमध्ये येऊन राहण्याचा हक्क या कायद्यानं दिला.

तिकडे मात्र धड पाय ठेवायलाही जागा नव्हती. १९४८ ते १९५१ या काळात सुमारे सात लाख माणसं येऊन पडली आणि देशातल्या ज्यूंची लोकसंख्या दुपटीहून अधिक झाली. नवागतांसाठी ‘माबारा’ नावाच्या छावण्या उठल्या : कापडी तंबू, पत्र्याच्या झोपड्या, नळावर रांगा. बीरशेवा नेगेवच्या वाळवंटाच्या तोंडाशी. नारळी-पोफळीतून किंवा मुंबईच्या चाळीतून आलेल्या माणसाला तिथली कोरडी धूळ आणि रात्रीची थंडी कशी वाटली असेल ते वेगळं सांगायला नको. इंग्रजी-मराठीत कारकुनी केलेल्या माणसाला हिब्रू येत नव्हतं. त्याच्या हाती कुदळ-फावडं आलं, रस्त्याच्या कामावर पाठवणी झाली. मुंबईत ज्याला शेजारी ‘साहेब’ म्हणत, त्याला मुकादम नावानंही ओळखेना.

तरीही या हाल-अपेष्टा त्यांनी सोसल्या असत्या. कोकणी माणूस चिवट असतो. त्यांना लागली ती पावाची गोष्ट.

धरण्यावर बसलेल्यांनी जी गाऱ्हाणी मांडली, त्यात घरांचं होतं, कामाचं होतं, आणि एक पावाचं होतं. गोऱ्या युरोपीय ज्यूंना पांढरा पाव मिळतो आणि आम्हाला सांगितलं जातं की तुम्ही काळे, तुम्ही काळा पाव खा, असं त्यांचं म्हणणं होतं. टंचाईच्या त्या दिवसांत पावाचा रंग कशाकशानं ठरत होता याचा हिशेब कुणी मांडू शकेल. पण छावणीत रांगेत उभ्या असलेल्या बाईच्या हातात पाव पडतो आणि सोबत तिच्या कातडीवर एक वाक्य पडतं, तेव्हा भूक मागे राहते. भारतात शेजाऱ्यांपैकी कुणी त्या बाईला ‘काळी ज्यू’ म्हणून हाक मारली नव्हती.

इथे एक गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. बेने इस्रायलांच्या स्वतःच्या समाजातही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन थर होते. दोन्ही आईबाप समाजातले असलेले गोरे. आणि कुणा पुरुषानं बाहेरच्या बाईपासून झालेली संतती काळी. गोरे काळ्यांशी सोयरीक करत नसत. हे कोकणातल्या जातींच्या चालीवर बेतलेलं होतं. म्हणजे रक्ताच्या चौकशीची रीत त्यांना अगदीच परकी नव्हती. तिचं टोक आपल्याकडे वळल्यावर ती किती बोचते, हे मात्र नेगेवात कळलं.

तेल अवीवच्या रस्त्यावरून पोलिसांनी त्यांना बळानं उठवलं. ते पुन्हा बसले, उपोषणं झाली. अखेर १९५२ साली ज्यू एजन्सीनं ११५ जणांना आपल्या खर्चानं मुंबईला परत पाठवलं. जगभरातून माणसं गोळा करणाऱ्या देशाला आलेल्यांची परतपाठवणी स्वतःच्या पैशानं करावी लागली, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

मुंबईत उतरल्यावर दुसरं दुःख सुरू झालं. नोकऱ्यांचे राजीनामे दिलेले, खोल्या सोडलेल्या, भांडीकुंडी विकलेली. मागे राहिलेल्या नातेवाइकांनाही आता इस्रायलचे वेध लागले होते. परत आलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी लवकरच पुन्हा इस्रायलला नेण्याची विनंती केली आणि बहुतेकजण पुढे परत गेलेही. या माणसांना धरसोड वृत्तीची म्हणणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. ज्याच्यावर आपला हक्क आहे असं मनापासून वाटतं, त्याच दारात माणूस धरणं धरून बसतो.

त्यानंतरची दहा वर्षं जम बसवण्यात गेली. बीरशेवा, डिमोना, लोद, रामला, अश्दोद या गावांत त्यांच्या वस्त्या झाल्या. आणि मग लग्नाचा प्रश्न उभा राहिला.

इस्रायलमध्ये नागरी विवाह नाही. ज्यूंचं लग्न लावायचं ते रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, आणि रब्बींनी नाही म्हटलं तर लग्न नाही. काही रब्बी बेने इस्रायलांची लग्नं इतर ज्यूंशी लावायला नकार देऊ लागले. शंका अशी होती : हे लोक शतकानुशतकं इतर ज्यूंपासून तुटून राहिले. त्यांनी काडीमोड धर्मशास्त्राप्रमाणे दिला का? नवऱ्यामागे मूल नसलेल्या विधवेनं दिराशी लग्न करावं किंवा विधीपूर्वक मोकळं व्हावं, हा नियम पाळला का? पाळला नसेल तर त्यानंतरच्या संततीचं काय? कोकणात या समाजात काडीमोड जवळजवळ नव्हताच, आणि विधवा शेजारच्या हिंदू घरातल्यासारखी पुन्हा लग्न न करता राहायची. ज्या गोष्टी मुळात क्वचितच घडल्या, त्या नियमानुसार घडल्या याचा कागद आता मागितला जात होता.

या शंकेचा उगम जेरुसलेममधला नव्हता, तो मुंबईतलाच होता. एकोणिसाव्या शतकात बगदादहून आलेले श्रीमंत ज्यू व्यापारी सुरुवातीला बेने इस्रायलांच्या मशिदीत प्रार्थना करत, त्यांच्याच दफनभूमीत आपले मृत पुरत. पैसा आणि संख्या वाढल्यावर अंतर पडलं. १८३६ साली बगदादी मंडळींनी सरकारकडे अर्ज केला की दफनभूमीत आमच्या आणि त्यांच्या थडग्यांमध्ये भिंत घाला. पुढे रंगूनमध्ये प्रार्थनागृहाच्या कारभारातून बेने इस्रायलांना वगळलं गेलं, तेव्हा १९३० च्या दशकात ते कोर्टात गेले आणि जिंकले. १९६० च्या आसपास इस्रायलमधल्या सेफार्दी, म्हणजे स्पेन आणि पूर्वेकडच्या परंपरेतल्या ज्यूंचे प्रमुख रब्बी होते यित्झाक निस्सिम, आणि त्यांचा जन्म बगदादचा होता. जुनी कुजबुज आता सरकारी शिक्क्यापर्यंत पोचली होती.

ऑक्टोबर १९६१ मध्ये रब्बी परिषदेनं निर्णय दिला की बेने इस्रायलांशी विवाहाला मनाई नाही. समाजानं सुटकेचा निःश्वास सोडला, पण हा दिलासा फार दिवस टिकला नाही. पुढच्याच वर्षी निघालेल्या सूचनांमध्ये नोंदणी करणाऱ्या रब्बीला सांगण्यात आलं की अर्जदार बेने इस्रायल असेल तर त्याच्या आईची, आजीची आणि जमेल तितकी मागची पिढी तपासा.

पनवेलच्या एखाद्या मुलीच्या जागी स्वतःला ठेवून पाहावं. सोबत अश्दोदचा मोरोक्कन मुलगा आहे, दोघं नोंदणीच्या टेबलाशी उभी आहेत. मुलाच्या कागदावर शिक्का पडतो. मुलीला विचारलं जातं, तुझ्या आजीच्या आईचं लग्न कुणी लावलं? त्या पणजीचं लग्न रोह्याच्या अंगणात मांडवाखाली लागलेलं, साक्षीदार गावातलेच, आणि आता कुणीच हयात नाही. नवगावात शनिवारी घाणा बंद ठेवणं एवढा पुरावा पुरला होता. इथे पणजीचा कागद हवा होता.

१९६४ च्या उन्हाळ्यात देशभरातून बेने इस्रायल जेरुसलेमला जमले, धरण्यावर आणि उपोषणाला बसले. या वेळी तिकिटं कुणी मागितली नाहीत. मागणं होतं ते सूचना रद्द करण्याचं. देशातली वर्तमानपत्रं, राजकीय पक्ष, सामान्य नागरिक यांच्यातले कितीतरी त्यांच्या बाजूनं उभे राहिले. ऑगस्टमध्ये पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांनी संसदेत स्पष्ट सांगितलं की सरकारच्या दृष्टीनं बेने इस्रायल सर्वार्थानं ज्यू आहेत, आणि रब्बी परिषदेनं समाजाच्या मनातला सल दूर करावा. महिनाअखेरीला परिषदेनं सूचनांमधून ‘बेने इस्रायल’ हे नाव काढलं. ज्याच्या कुळाबद्दल शंका असेल अशा कुणाचीही चौकशी करावी, असा मोघम शब्दप्रयोग त्या जागी आला. समाधान पुरतं झालं नाही, पण एका समाजाच्या कपाळावरचा डाग पुसला गेला.

भारतात १९४७ च्या सुमारास बेने इस्रायल वीस हजारांच्या घरात होते. आज इथे त्यांच्यातले थोडेच उरले आहेत आणि इस्रायलमध्ये भारतीय वंशाचे ज्यू ऐंशी हजारांच्या आसपास मानले जातात. तिथे त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी त्रैमासिक चालवलं. तिसऱ्या पिढीची मुलं हिब्रूत विचार करतात आणि आजीशी बोलताना अडखळतात. पण मलिदा सुटलेला नाही.

हा विधी एलियाहू हनाबीचा, म्हणजे एलिया संदेष्ट्याचा. अलिबागजवळच्या सागाव-खंडाळ्याला त्याच्या रथाची खूण असलेला खडक दाखवतात. इस्रायलमधले बेने इस्रायल हैफाला, कार्मेल डोंगरातल्या त्याच्या गुहेला जातात. नवस फेडायचा असो, नवं घर असो, घरातलं लग्न असो, मलिदा होतोच. पोहे धुऊन निथळत ठेवायचे. त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, बदाम-बेदाणे कालवायचे, वर निरनिराळी फळं मांडायची. डिमोन्यातल्या चार मजली इमारतीच्या छोट्या दिवाणखान्यात माणसं दाटीवाटीनं बसतात, हिब्रू प्रार्थना कोकणी चालीवर म्हटली जाते, नवरीच्या हातावरची मेंदी अजून ओली असते, आणि प्रार्थना संपली की थाळ्यातले पोहे मूठ-मूठ करून प्रत्येकाच्या हातावर पडतात.