भोंगा का नाही वाजला? रे रोड, एप्रिल १९४४

रे रोड स्टेशनवर उतरा. तारीख १४ एप्रिल १९४४, वार शुक्रवार. हार्बरवर विजेची गाडी सुरू होऊन एकोणीस वर्षं झालीत, तेव्हा गाडीचं कौतुक इथे कोणालाच उरलेलं नाही. खिशात आण्यांची चिल्लर असू द्या. लढाईमुळे धातूची चणचण आहे, म्हणून सरकारने गेल्या वर्षापासून मधोमध भोक असलेला पैसा काढलाय. तो हातात पडला तर उलटसुलट करून बघत बसू नका. त्याच्यावर हसायचं ते लोकांनी केव्हाच हसून घेतलंय.

पुलावर या आणि पूर्वेकडे बघा. गवताचं ‘हे बंदर’, लाकडी बंदर, कोळसा बंदर, दारूखाना. गवत, लाकूड आणि कोळशाची धूळ यांचा मिळून जो वास येतो, तोच इथला पत्ता. पश्चिमेला घोडपदेव, तिथल्या चाळींतून निम्मं कोकण आणि निम्मा घाट राहतो. एका खोलीत दहा-बारा गाववाले, पाळीपाळीने झोपणारे. बायकामुलं गावाला. जेवण खानावळवाल्या मावशीकडे, महिन्याच्या बोलीवर.

सकाळी डॉकच्या फाटकाशी टोळीवाल्याचा माणूस नावं पुकारतो. नाव आलं तर रोजगार, नाही आलं तर परत फिरायचं. परत फिरलेले कोपऱ्यावरच्या इराण्याकडे जमतात. तुम्हीही तिथेच टेका.

सकाळचे नऊ

इराण्याकडे पेपर एकच असतो आणि त्याची पानं सुटी करून टेबलाटेबलावर फिरतात. पहिलं पान एकाकडे, बाजारभाव दुसऱ्याकडे, नाटकसिनेमाच्या जाहिराती तिसऱ्याकडे. प्रत्येकजण आपल्या वाट्याचं पान मोठ्याने वाचतो आणि मत मात्र अख्ख्या पेपरावर देतो. ज्याला वाचता येत नाही त्याचं मत सर्वांत ठाम.

आजचे विषय असे. गांधीजी आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध आहेत, कस्तुरबा फेब्रुवारीत तिथेच गेल्या. आता तरी त्यांना सोडतील का? इंफाळकडे जपानी येताहेत म्हणतात, सुभाषबाबू त्यांच्याबरोबर आहेत, हे खरं का? आज बाबासाहेबांचा जन्मदिवस. ते दिल्लीला व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री आहेत, तर मग डॉकातल्या रोजंदारीवाल्याला त्यांनी काय द्यावं? नायगावच्या चाळीतला एकजण या प्रश्नावर तावातावाने बोलतोय. घाटावरचा मुकादम त्याला, “आरं, आदी चा घे,” म्हणत गप्प करू पाहतो, पण तो गप्प होत नाही.

या गप्पांतली एकही गोष्ट इथल्या कोणाच्या हातातली नाही. तरी बोलतात, कारण सगळ्याचा शेवट रेशनच्या दुकानात होतो. मुंबईत रेशन सुरू होऊन वर्ष होत आलं. लढाई कोण जिंकणार याआधी तांदूळ कधी येणार हे विचारतात आणि दोन्हींची उत्तरं एकाच दमात देतात.

दुपारचे चार वाजून सहा मिनिटं

दीड-दोनच्या सुमारास दक्षिणेला, दीडेक मैलावर, व्हिक्टोरिया डॉकवर धूर दिसू लागतो. कोणी विशेष मनावर घेत नाही. डॉकात धूर नवा नाही.

तुम्हाला ठाऊक आहे ते इथे कोणालाच ठाऊक नाही. बोटीचं नाव फोर्ट स्टिकीन. २४ फेब्रुवारीला इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघाली, कराचीमार्गे १२ एप्रिलला इथे लागली. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं. कराचीत त्यात कापसाच्या ८,७०० गाठी चढल्या, शिवाय तेलाची पिंपं, लाकूड, गंधक. आणि सोन्याच्या १२४ विटा.

चार वाजून सहा मिनिटं होतात आणि जमीन पायाखालून एकदा ओढल्यासारखी होते. इराण्याच्या आरशाचा चुरा गल्ल्यावर सांडतो. चाळीच्या खिडक्या गज सोडून रस्त्यावर येतात. बारा किलोमीटरपर्यंतच्या काचा फुटल्या आहेत, पण ते नंतर कळेल. कोणीतरी “बाम, बाम” ओरडतो आणि माणसं जिन्याखाली घुसतात. अर्ध्या तासाने, चार चौतीसला, दुसरा दणका बसतो. आता आकाशातून जळत्या कापसाच्या गाठी पडू लागतात. डॉकवर, गोदामांवर, बाहेरच्या झोपड्यांवर. पहिल्या वर्दीला धावलेले बंबवाले पाण्याच्या पाइपासकट नाहीसे झालेत. पुढे दर वर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतील तो त्यांच्यासाठी.

आग आटोक्यात यायला तीन दिवस लागतात.

शनिवार, इराण्याकडे

दुकान उघडलंय. आरसा नाही, चहा आहे. काल इथे जे बसले होते त्यांतले सगळे आज आलेले नाहीत, पण त्यावर सुरुवातीला कोणी बोलत नाही. बोलणं भलतीकडूनच सुरू होतं.

“जपान्यांचो बाम तो,” रत्नागिरीच्या पलीकडला एक म्हातारा ठासून सांगतो. “मी इमान आयकलंय, ह्या कानान.”

“इमान हुतं तर भोंगा का नाय वाजला?” मुकादम विचारतो.

ही पहिली खरी उलटतपासणी. हवाई हल्ल्याची सूचना देणारा भोंगा वाजला नाही, हे सर्वांनी स्वतःच्या कानांनी अनुभवलंय. म्हातारा थोडा अडखळतो, मग म्हणतो, भोंगेवाला फितूर असेल. त्यावर तीन माणसं माना डोलावतात. विमानाची बाजू पडली, पण फितुरीची उभी राहिली. थोड्या वेळाने त्यात घातपाताची भर पडते, मग सरकारनेच मुद्दाम केल्याची. शाळेतले एक मास्तर तेवढे म्हणतात, “नीट छापून येऊ द्या, मग बोलू.” मास्तरांना मान आहे, त्यांचं ऐकतं मात्र कोणी नाही.

छापून येणार कसं? लढाईचा काळ, सेन्सॉर डोक्यावर. वार्ताहरांना ही हकिकत बाहेर धाडायची मुभा मिळणार ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. आणि इकडे १५ एप्रिललाच जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने सगळं तपशीलवार सांगून टाकलंय. मुंबईच्या आगीची सविस्तर बातमी आधी शत्रूने द्यायची आणि घरच्यांनी ती चोरून ऐकायची, अशी वेळ. मग लोक विमानाच्या गोष्टीवर विश्वास ठेवतात यात नवल काय? जो बोलतो त्याचं ऐकतात. योग असा की त्याच १४ तारखेला मणिपूरच्या मोइरांगला आझाद हिंद फौजेने झेंडा लावला. इराण्याकडे हे कोणालाच माहीत नाही. माहीत असतं तर म्हाताऱ्याचं विमान पुन्हा उडालं असतं.

आठवड्याने, रेशनची रांग

आता मतं खाली उतरली आहेत, धान्यापर्यंत. गोदामांत हजारो टन धान्य जळालं. बंगालमध्ये गेल्या साली माणसं रस्त्यावर मेली, ते रांगेतल्या बायकांना नीट आठवतंय. काळ्या बाजाराचा भाव पुटपुटत सांगितला जातो. नुकसानभरपाईचे अर्ज घेतात म्हणे. “आमची एक पेटी गेली, तिची पावती कुठून आणू?” एकजण विचारते. सरकारने जबाबदारी घेतली आहे, दावे करणाऱ्यांना पैसेही मिळणार आहेत. पण पावती नसलेल्याचा प्रश्न रांगेत कोणालाच सुटत नाही.

खानावळवाल्या मावशी तुमच्या पुढेच उभ्या आहेत. मेले किती, यावर रांगेत लिलाव चाललाय: पाचशे, दोन हजार, पाच हजार. सरकारी आकडा पुढे सुमारे ७४० सांगतील. मावशी म्हणतात, “सरकारचा आकडा सरकारपाशी. माझ्याकडे चार ताटं कमी लागली. दोघांच्या ट्रंका आहेत, गावचा पत्ता एकाचाच आहे.” मग जरा थांबून, “आणि जे आलेत त्यांना काम नाही. पन्नास हजारांचा रोजगार बुडाला म्हणतात. महिन्याची उधारी कोणाकडे मागू?” मावशींच्या तोंडचा हा एकच आकडा मात्र अंदाजाने बरोबर निघणार आहे.

सोन्याची गोष्टही याच रांगेत ऐकू येते: आकाशातून सोन्याची वीट पडली, एका पारशाच्या घरात, छप्पर फोडून. सगळे हसतात. इतका वेळ विमान, फितूर, घातपात गंभीरपणे ऐकणारी माणसं याला मात्र थाप म्हणतात. आणि रांगेतली हीच एक अफवा अक्षरशः खरी आहे. वीट पडली आणि त्या गृहस्थाने ती परतही केली.

ज्याचा हात लागला

त्या रात्री चाळीच्या ओट्यावर बसा. कोपऱ्यात एक घाटी गडी आहे, हाताला फडकं बांधलेला. त्या बोटीवरच्या टोळीत होता, धूर वाढल्यावर बाहेर पडला म्हणून वाचला. आठवडाभर त्याला कोणी काही विचारलं नाही, कारण तो विमानाबद्दल काहीच सांगत नाही. आज विचारतात.

“खाली कापूस, वर दारू,” तो म्हणतो. “चुलीवर राकेलचा डबा ठेवल्यावानी. अन् लाल बावटा नव्हता. बावटा असता तर आमी समजलो असतो, काय हाय पोटात.”

बस, एवढंच. ना जपानी, ना फितूर. पुढे चौकशी समिती नेमली जाईल, साक्षी होतील, नकाशे मांडले जातील. समिती म्हणेल: आगीचं मूळ बहुधा कापसाच्या गाठींत. कापूस स्फोटकांच्या खाली रचला ही चूक. धोक्याचा लाल बावटा लावला नाही ही चूक. स्फोटकं उतरवायला उशीर केला, बंब बोलवायला उशीर केला, याही चुका. गड्याने दोन वाक्यांत सांगितलं त्याहून फार वेगळं त्यात नाही.

रे रोडवर मतांना कधीच तोटा नव्हता. बातमी दाबली म्हणून ती कमी झाली नाहीत, उलट वाढली. पण त्या गर्दीत खरं मत होतं, आणि ते ज्याने गाठ पाठीवर वाहिली त्याच्यापाशी होतं. त्याला विचारायला आठवडा लागला. सरकारला त्याहून जास्त.

निघण्याआधी ओट्यावरचं कोणीतरी तुमच्याकडे वळेल. “पाव्हणं, तुमचं मत काय?” तुम्हाला तर सगळंच ठाऊक आहे, टनांचे आकडे, मिनिटं, सोन्याच्या विटा. बोलायला तोंड उघडाल तेवढ्यात मुकादम विचारेल, “तुमी हुता का बोटीवर?”

नव्हता ना? मग सरकून बसा आणि गड्याला पुढचं सांगू द्या.