अर्थशास्त्र ‘सायन्स’ कसें झालें?

मराठींत ‘शास्त्र’ हा शब्द मोठा उदार आहे. धर्मशास्त्र, पाकशास्त्र आणि रसायनशास्त्र हीं तिन्ही त्याच्या एकाच छत्राखालीं सुखानें नांदतात. त्यामुळें अर्थशास्त्र हें शास्त्र कीं नव्हे, हा वाद आपल्याकडे नुसत्या नांवावरून कधीं माजला नाहीं. इंग्रजींत मात्र ‘आर्ट्‌स’ आणि ‘सायन्स’ यांच्यामध्यें भिंत आहे, आणि पदवी घ्यावयाची तर तिच्या एका बाजूस उभें राहावेंच लागतें. आज एखाद्या कॉलेजांत अर्थशास्त्र घेऊन विद्यार्थी बी. ए. होतो, तर पुण्याच्या गोखले संस्थेंत त्याच विषयाची बी. एस्‌सी. मिळते. हा फरक पाहून बुचकळ्यांत पडलेले पालक आम्हीं पाहिले आहेत. विषय एक आणि पदव्या दोन, हें कसें झालें याचा शोध घेऊं लागलें असतां आपण लंडनांत, १९०१ सालीं जाऊन पोंचतों.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स ही संस्था १८९५ मध्यें निघाली. डर्बी येथील हचिन्सन नांवाच्या एका वकिलानें फेबियन मंडळींच्या कार्यासाठीं सुमारें २०,००० पौंड ठेवले होते. हा पैसा प्रचारांत न घालवितां संशोधन व अध्यापन यांकडे लावावा, हें सिड्‌ने वेब यांनीं ठरविलें. खुद्द बर्नार्ड शॉ यांनाहि तें सर्वस्वीं रुचलें नाहीं. वेब हे सरकारी कचेरींत नोकरी करीत करीत संध्याकाळच्या अभ्यासावर लंडनची कायद्याची परीक्षा उतरलेले गृहस्थ. त्यामुळें दिवसा पोटामागें धांवणाऱ्या माणसास विद्या कशी मिळावी, ही विवंचना त्यांस पुस्तकांतून शिकावी लागली नव्हती. नव्या शाळेंत संध्याकाळचे वर्ग होते, व स्त्रियांस प्रथमपासून प्रवेश होता. १९०० सालीं लंडन विश्वविद्यालयाची पुनर्घटना झाली तेव्हां ही संस्था त्यांत अर्थशास्त्राची स्वतंत्र विद्याशाखा म्हणून शिरली, आणि पुढल्याच वर्षीं अर्थशास्त्रांतील बी. एस्‌सी. व डी. एस्‌सी. या पदव्या सुरू झाल्या.

‘सायन्स’ हें नांव सहज पडलें असें मानण्याचें कारण नाहीं. अर्थशास्त्र कलाशाखेंतून निघून सायन्सच्या पंक्तीस बसलें, त्याचा तत्त्वज्ञानाशीं काडीमोड झाला, याबद्दल बिआट्रिस वेब यांनीं आपल्या रोजनिशींत उघड समाधान व्यक्त केलें आहे. यांतली गंमत केंब्रिजकडे पाहिलें म्हणजे ध्यानांत येते. तेथें आल्फ्रेड मार्शल यांनीं १९०३ मध्यें अर्थशास्त्राची स्वतंत्र ट्रायपॉस परीक्षा स्थापन करविली. मार्शल हे गणिताचे गाढे पंडित. १८६५ च्या गणिताच्या परीक्षेंत दुसरे आलेले. तरी आपल्या प्रख्यात ग्रंथांत गणित त्यांनीं तळटीपांत आणि शेवटच्या परिशिष्टांत लपविलें, आणि त्यांचे विद्यार्थी बी. ए. च झाले! गणित्याच्या हातून बी. ए. आणि कायदेपंडिताच्या हातून बी. एस्‌सी. असा हा उलटा व्यवहार आहे.

मग लंडनच्या पदवींत सायन्स तें कोणतें? आमच्या मतें तें सूत्रांत नव्हतें, मोजणींत होतें. अर्थशास्त्राबरोबर आर्थिक इतिहास, राज्यव्यवस्था आणि संख्याशास्त्र हे विषय तेथें शिकविले जात. संख्याशास्त्राचे अध्यापक आर्थर बौली यांनीं १९१२ मध्यें रेडिंग गांवांतील कामकरी कुटुंबांची पाहणी केली. सगळीं घरें न तपासतां सुमारें वीसांतून एक घर पद्धतशीर निवडून त्यांनीं गांवाच्या दारिद्र्याचें माप काढलें. गरीब माणूस आपल्या दुर्गुणांनीं गरीब होतो, या सुखवस्तु समजुतीस असल्या आकड्यांनीं जसा शह बसला तसा हजार व्याख्यानांनीं बसला नसता.

येथें न्यायमूर्ति रानडे यांची आठवण होणें अपरिहार्य आहे. १८९२ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत दिलेल्या व्याख्यानांत त्यांनीं असें मांडलें कीं, इंग्रज अर्थपंडितांचे सिद्धांत सर्व देशांस व सर्व काळांस सारखेच लागू पडत नाहींत. हिंदुस्थानची परिस्थितीच निराळी. म्हणजे लंडनांत ‘सायन्स’ ची पाटी लागण्याच्या नऊ वर्षें आधींच पुण्यांत त्या पाटीवरचा आक्षेप नोंदला गेला होता. मात्र रानड्यांचा रोख अभ्यासावर नव्हता. अभ्यासावांचून उसना घेतलेल्या सिद्धांतावर होता.

लंडनच्या या शिडीच्या वरच्या पायऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर चढले. कोलंबियाची एम्. ए. घेऊन ते १९१६ सालीं तेथें गेले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें त्यांस १९१७ मध्यें परतावें लागलें. पुढें मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत अर्थशास्त्र शिकवून ते १९२० मध्यें पुन्हा लंडनास गेले, १९२१ मध्यें एम्. एस्‌सी. झाले, आणि १९२३ मध्यें रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास डी. एस्‌सी. मिळाली. ज्या सुवर्ण-विनिमय पद्धतीचा केन्स यांनीं १९१३ मध्यें पुरस्कार केला होता तिच्यावरच त्यांनीं हल्ला चढविला: या पद्धतींत रुपये पाडण्यास सरकारला आळा राहत नाहीं, आणि किंमती चढल्या म्हणजे त्याचा भार गरिबांवर पडतो. त्यांचे गुरु एड्विन कॅनन यांनीं प्रस्तावना लिहितांना आपणांस त्यांचे बहुतेक युक्तिवाद मान्य नाहींत असें स्वच्छ सांगितलें, आणि तरीहि ग्रंथाच्या ताजेपणाची तारीफ केली. शिष्यानें राज्यकर्त्यांचें चलन खोटें ठरवावें, गुरूनें त्याच्याशीं मतभेद राखून त्याचें पुस्तक पुढें करावें, हें दृश्य आम्हांस त्या पदवीच्या नांवापेक्षां अधिक शास्त्रीय वाटतें.

पुढें पुढें सूत्रांचें माप वाढत गेलें. आज हा पाठ्यक्रम घेणाऱ्या मुलास कलनगणित चुकत नाहीं. इतिहास मात्र पुष्कळदां चुकतो, आणि हा सौदा आम्हांस महाग वाटतो. परंतु त्या पदवीच्या जुन्या ऐसपैसपणाचें एक उदाहरण सांगितल्यावांचून राहवत नाहीं. न्यूझीलंडचा बिल फिलिप्स नांवाचा इंजिनिअर महायुद्धानंतर याच बी. एस्‌सी. साठीं आला, आणि विशेष विषय घेतला समाजशास्त्र! परीक्षेंत तो जेमतेम उतरला. पण १९४९ सालीं त्यानें नळ्या व टाक्या जोडून, राष्ट्राचें उत्पन्न कसें फिरतें हें रंगीत पाण्यानें दाखविणारें यंत्र तयार केलें, व तें पाहावयास प्राध्यापक मंडळी जमली. त्या नमुन्याचें एक यंत्र आज लंडनच्या सायन्स म्यूझियममध्यें ठेवलेलें आहे.