काडीमोड, फारकत, समुपदेशन: घटस्फोटाचा इतिहास सोलापुरातून वाचताना

'काडीमोड' हा शब्द हल्ली तुम्हाला भेटतो तो बहुधा दोन पक्षांची युती तुटल्याच्या बातमीत. मूळ अर्थ शब्दशः होता. चार माणसांसमोर काडी मोडायची, म्हणजे लग्न मोडलं. शेजारचा शब्द 'फारकत'. तो मूळचा 'फारखत', मोकळं केल्याचा कागद. सावकाराचं देणं फिटलं तरी फारखत, भागीदारी मोडली तरी फारखत आणि नवराबायको वेगळे झाले तरी फारखतच. म्हणजे दफ्तरात नुसता 'फारखत' शब्द दिसला म्हणून घटस्फोट सापडला असं समजून नाचायचं नाही, आधी पूर्ण कागद वाचायचा. आणि ज्याला आपण प्रमाण शब्द मानतो तो 'घटस्फोट'? धर्मशास्त्रात तो पतिताला जातीबाहेर टाकण्याचा विधी होता, घडा फोडून. तीन शब्द, तीन वेगळी जगं.

हे इतकं सांगायचं कारण असं की संशोधन प्रस्तावांत एक वाक्य फार सहज येतं: 'भारतात घटस्फोट १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने आला.' हे वाक्य काही उच्चवर्णीय घरांपुरतं जवळपास खरं आहे. विणकर, शेतकरी, कारागीर, भटके यांच्यापैकी अनेकांच्या बाबतीत ते उलटं आहे. त्यांच्याकडे सोडचिठ्ठी होती, पाट होता, मोहतूर होता. पाट लावण्यावर 'पाटदाम' नावाची पट्टी मराठी राज्यात वसूल होत असे. सरकार ज्यावर कर घेतं ती गोष्ट चोरून चालत नसते, नाही का?

मग पुरावा कुठे शोधायचा? पहिलं नाव आर्थर स्टील. एल्फिन्स्टनच्या काळात दख्खनमधल्या जातींचे रीतिरिवाज गोळा करण्याचं काम त्याच्याकडे होतं. त्याचं पुस्तक १८२७ मध्ये मुंबईत छापलं गेलं आणि १८६८ मध्ये पुन्हा निघालं. पण स्टीलची बरीच माहिती पुण्याच्या शास्त्र्यांकडून आणि तिथल्या जातींच्या प्रमुखांकडून आलेली. सोलापूर म्हणजे मराठी, कन्नड आणि तेलुगू यांचा तिठा. १८७७ मध्ये इथे जुनी गिरणी उभी राहिली. हातमाग आणि गिरण्यांच्या ओढीने तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांची रीत पुण्यातल्या माणसाला विचारून कशी कळणार? दुसरं साधन १८८४ चं सोलापूर गॅझेटिअर, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला विसावा खंड. त्यात जातींच्या वर्णनाच्या शेवटी ठरलेल्या साच्यातली वाक्यं येतात: विधवाविवाह चालतो की नाही, एकाहून अधिक बायका करतात का, तंटे जातीच्या सभेत मिटतात का. उपयोगी आहेत, पण ती वाक्यं रिवाज सांगतात, माणसं सांगत नाहीत. काडी कुणी मोडली, बाईने मागितली की तिच्यावर लादली, मुलं कुणाकडे गेली, यातलं काही तिथे मिळणार नाही.

माणसं दिसतात ती न्यायालयात. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनने जातीच्या प्रश्नांत दिवाणी न्यायालयांनी पडू नये असं ठरवलं होतं. पण १८६० ची दंडसंहिता आली आणि नवरा हयात असताना दुसरं लग्न हा गुन्हा झाला. आता पंचांनी मोकळं केलेल्या बाईचा पाट लागला आणि पहिल्या नवऱ्याने फिर्याद केली तर? १८७६ च्या 'रेग विरुद्ध संभू रघू' या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की लग्न रद्द ठरवण्याचा किंवा बाईला पुन्हा लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही. परवानगी पुरेशी आहे असा प्रामाणिक समज होता, हा बचावही चालला नाही. थोडक्यात, ज्या वाटेने बायका पिढ्यानपिढ्या सुटत होत्या तीच वाट काहींना तुरुंगाकडे नेऊ शकत होती. 'आधुनिक कायद्याने स्त्रीला मोकळं केलं' असं लिहिण्याआधी हा निकाल एकदा वाचाच.

जाता जाता रखमाबाईंबद्दल. राणी व्हिक्टोरियाने त्यांचं लग्न रद्द केलं असं इंटरनेटवर सर्रास सापडतं. तसं घडलं नाही. १८८७ मध्ये त्यांना नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा असा हुकूम झाला आणि १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. देशभर गाजलेला खटला शेवटी मिटला तो न्यायालयाबाहेर.

पुढे बडोदा संस्थानाने १९३१ मध्ये आणि मुंबई प्रांताने १९४७ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचे कायदे केले. १९५५ चा केंद्रीय कायदा त्यांच्यानंतरचा. या केंद्रीय कायद्याच्या कलम २९(२) कडे नीट बघा. रूढीने मिळणारा घटस्फोट त्यात शाबूत ठेवला आहे. इथेच आजचा घोळ सुरू होतो. स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी लिहायची, नोटरी करायची, दोन्हीकडच्या चार जणांच्या सह्या घ्यायच्या आणि मोकळं झालो असं समजायचं. प्रत्यक्षात तशी रूढी आपल्या समाजात आहे हे न्यायालयात मांडून सिद्ध करावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. सिद्ध झाली नाही तर पहिलं लग्न कायम, दुसरं रद्दबातल, वर द्विविवाहाचा गुन्हा. पोटगीपासून पेन्शनपर्यंतचे प्रश्न मग उभे राहतात आणि ते बहुतेक वेळा बाईच्याच वाट्याला येतात. नोटरीचा शिक्का रूढी निर्माण करत नाही.

कायदेशीर वाट आज अशी आहे. दोघांची संमती असेल तर कलम १३ब, जे १९७६ च्या दुरुस्तीने आलं. किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्ज दिल्यावर सहा महिने थांबायचं, मग दोघांनी पुन्हा येऊन संमती सांगायची. हे सहा महिने योग्य प्रकरणात माफ होऊ शकतात, असा निकाल २०१७ चा. संमती नसेल तर कलम १३ खालची कारणं आणि पुरावे. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने आधी समेटाचा प्रयत्न करणं न्यायाधीशांवर बंधनकारक केलं, विवाह समुपदेशक दिले आणि वकील हा हक्क न ठेवता परवानगीचा विषय केला. सोलापूर शहरात असं न्यायालय आहे. त्याची हद्द जिथे नाही तिथे दिवाणी न्यायालय. अपिलं मुंबईला जायची, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे.

समुपदेशक आणि मध्यस्थ म्हणजे जुने पंचच नव्या खुर्चीत, असं एक आकर्षक विधान करता येतं. मला ते पटत नाही. पंच दंड लावत, वाळीत टाकत. म्हणून तर महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, जो जुलै २०१७ पासून लागू आहे. मध्यस्थाला निकाल देण्याचाच अधिकार नाही, आणि मध्यस्थीतून उठून जाता येतं. मात्र 'जुळवून घ्या' हा सूर दोन्हीकडे ऐकू येऊ शकतो. समेट म्हणजे पुन्हा एकत्र नांदणं आणि मध्यस्थी म्हणजे वेगळं होतानाही पोटगी, मुलांचा ताबा, भेटीचे दिवस ठरवणं. मुलाखती घेताना ही गल्लत तुम्हाला सतत दिसेल, म्हणून प्रश्नावलीत हे दोन प्रश्न वेगळे ठेवा.

शेवटी साधनांची एक अडचण, जी तुमच्या प्रबंधाचा आराखडाच बदलू शकते. मध्यस्थीत बोललेलं गोपनीय असतं. फाइलमध्ये उरतात ती तडजोडीची कलमं: रक्कम, तारखा, सह्या. काडी कुणी मोडली हे १८८४ च्या गॅझेटिअरने सांगितलं नाही, तसं आजची फाइलही सांगणार नाही. ज्या जोडप्यांनी भांडण शेवटपर्यंत लढवलं त्यांचेच जबाब आणि उलटतपासण्या अभिलेखात राहतील. त्यामुळे नुसत्या निकालपत्रांवरून 'सोलापुरातले घटस्फोट' असा प्रबंध लिहिलात तर तो न मिटलेल्या भांडणांचा होईल. मिटलेल्यांसाठी माणसांकडेच जावं लागेल, त्यांची परवानगी घेऊन आणि नावं बदलून.