गाण्यातील ‘तो’ आणि ‘ती’

गेल्या मार्गशीर्षात योगेश्वरीच्या उत्सवाच्या निमित्ताने अंबाजोगाईस बहिणीच्या घरी उतरलो होतो. रात्री जेवणे आटोपल्यावर भाच्याने एक कव्वाली लाविली. शब्द सिराज औरंगाबादी यांचे होते. माझ्या वडिलांची ती विशेष आवडती, म्हणून मीही सरसावून बसलो. गाणे अर्ध्यावर आले असेल नसेल तोच त्याने विचारले, “मामा, लिहिणारा पुरुष, गाणारा पुरुष, आणि ज्याच्यासाठी एवढा आकांत चालला आहे त्याचे क्रियापदही पुल्लिंगीच. मग हे प्रेम कोणाचे हो, आणि कोणावर?”

मी म्हणालो, “अरे, ती परमेश्वराची आळवणी. सूफींची रीतच ती.”

“बरं,” असे म्हणून त्याने गाणे बंद केले.

माझे उत्तर माझे नव्हतेच. वडिलांचे शिक्षण निजामी अमदानीत उर्दूतून झालेले; त्यांच्या तोंडून ते मी लहानपणी पुष्कळदा ऐकले होते आणि जसेच्या तसे पुढे ढकलून दिले. ते खोटे आहे असेही म्हणता येत नाही. परंतु वीस वर्षांच्या मुलाने एवढ्या नेमकेपणाने प्रश्न विचारावा आणि एवढ्या थोडक्यात समाधान मानून उठून जावे, यात काहीतरी राहून गेले अशी चुटपुट मला लागली. घरी परतल्यावर जुनी पुस्तके काढून बसलो. त्यातून जे हाती आले ते येथे मांडीत आहे.

प्रथम व्याकरणाची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण सारी मेख तीत आहे. मराठीत ‘जातो’ किंवा ‘जाते’ म्हटल्यावाचून वाक्य पुरे होत नाही. बोलणारा कोण, हे क्रियापदच चहाडी करून सांगते. फारसीत याच्या उलट. तेथे ‘ऊ’ या एकाच सर्वनामात तो, ती दोन्ही मावतात आणि क्रियापदालाही लिंग नाही. उर्दूचे क्रियापद मराठीप्रमाणे बोलके. पण गझल फारसीच्या घरातून आलेली, म्हणून प्रियकर आणि प्रिय व्यक्ती दोघांनाही पुल्लिंगी ठेवण्याचा संकेत तेथे रुळला. आमच्या बीड जिल्ह्यात या दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदल्या. १७२४ पासून १९४८ पर्यंत हा मुलूख आसफजाही सत्तेखाली होता. कचेरीत उर्दू, देवळात आणि जात्यावर मराठी, आणि बीडच्या शहेनशाह वलीच्या दर्ग्यात कव्वाली, असे येथील कान दोन्हीकडे तयार झालेले. त्यामुळे भाच्याला पडलेला प्रश्न या भूमीत नवा खास नाही. तो मोठ्याने विचारण्याची चाल मात्र नवी.

दख्खनी कवितेचा आरंभ पाहिला तर तेथे पुल्लिंगी प्रियकराचा संकेत पक्का झालेला दिसत नाही. मुहम्मद कुली कुतुबशाह (१५६५–१६१२) सिंहासनावर बसलेला पुरुष. पण कित्येक ठिकाणी तो विरहिणी स्त्रीच्या तोंडून बोलतो. विजापूरचा हाशमी तर सबंध गझला बायकांच्या बोलीत रचीत असे. ही आपल्या देशी गीतांची वाट. पुढे वली औरंगाबादहून १७०० च्या सुमारास दिल्लीस गेला, आणि त्याच्या काव्यात फारसी वळण ठळक झाले. प्रिय व्यक्ती पुल्लिंगी झाली, आणि कोठे कोठे तिला सरळ पुरुषाचे नावही मिळाले.

वलीनंतरचा औरंगाबादचा मोठा कवी म्हणजे सय्यद सिराजुद्दीन, अर्थात सिराज. ज्या शहराला आज छत्रपती संभाजीनगर म्हणतात तेथे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तो जन्मला आणि १७६३ च्या सुमारास वारला. ऐन तारुण्यात त्याला एक उन्माद जडला. घर सोडून तो खुलदाबादेस बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या समाधीभोवती रात्री घालवीत असे, आणि त्या अवस्थेत त्याच्या तोंडून कविता बाहेर पडत. नंतर शाह अब्दुर्रहमान चिश्ती यांचे शिष्यत्व त्याने पत्करले आणि गुरूच्या आज्ञेवरून काव्यरचना थांबविली. येथवरची हकीकत ऐकली म्हणजे वडिलांचे उत्तर अगदी बिनतोड वाटते. असा मनुष्य ईश्वराखेरीज कोणाला आळवील?

पण सिराजाने ‘बोस्ताने खयाल’ नावाची एक मसनवी लिहून ठेविली आहे. नावातील अक्षरांची अबजद पद्धतीने बेरीज केली तर ११६० भरते. तेच तिचे हिजरी वर्ष, म्हणजे इसवी सन १७४७. तिच्या बेतांची संख्याही तेवढीच सांगतात. हिशेब इतका चोख ठेवणारा कवी आपल्या शब्दांविषयी बेसावध होता असे म्हणण्यास मी धजणार नाही. आणि या मसनवीत तो एका हिंदू तरुणावर जडलेल्या आपल्या प्रेमाची व त्याच्या विरहाची कहाणी ‘मी’ म्हणून सांगतो. मसनवी हा कथनाचा प्रकार. गझलेत संकेताच्या आडोशाला उभे राहता येते. येथे माणूस येतो, भेटतो, दुरावतो, आणि त्याचे दुःख दिवसांच्या हिशेबाने सांगावे लागते. ‘सेम-सेक्स लव्ह इन इंडिया’ हा रूथ वनिता व सलीम किदवई यांनी संपादिलेला ग्रंथ २००० साली निघाला, त्यात या मसनवीला जागा मिळाली आहे. कोणी म्हणेल, हेही रूपकच. सूफींच्या मते लौकिक प्रेम ही अलौकिकाची पायरी आहे. मान्य. परंतु पायरीवर पाय ठेवल्याशिवाय वर जाता येत नाही, आणि ज्या पायरीवरून सिराज चढला ती मातीची, हाडामांसाच्या माणसाची होती, एवढे तरी त्याच्या शब्दांवरून कबूल करावे लागते. वडिलांनी दोहोंपैकी वरची पायरी मला दाखविली. खालची झाकून ठेविली.

ती त्यांनी का झाकली याचेही कारण शोधता येते. दोष त्यांच्या एकट्याचा नाही. अल्ताफ हुसेन हाली यांनी १८९३ साली काव्यचर्चेचा आपला प्रख्यात ‘मुकद्दमा’ प्रसिद्ध केला. पगडी, टोपी अशा खुणांनी प्रिय व्यक्ती पुरुष असल्याचे उघड करणे त्यांना लाजिरवाणे वाटले. स्त्री म्हणून तिचे उघड वर्णन करणेही त्यांना पसंत नव्हते. प्रेमकाव्यात लिंग मोघमच असावे, हा त्यांचा सल्ला. हाली सज्जन, तळमळीचे सुधारक होते. पण १८५७ नंतर इंग्रजांच्या नजरेने आपले घर पाहून शरमलेल्या पिढीचे ते प्रतिनिधीही होते. १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम त्या नजरेचेच अपत्य. लखनौचा रंगीन स्त्रियांच्या परस्पर प्रीतीविषयी ‘रेख्ती’ रचीत असे. त्या रचनांना सभ्य संग्रहांतून बहुतेक बाहेरच ठेवण्यात आले. म्हणजे आज ज्याला आपण ‘लपलेला अर्थ’ म्हणून शोधीत आहो, त्यातील बराचसा मूळ कवीने लपविलेलाच नव्हता. तो मागाहून संपादकांनी, शिक्षकांनी आणि वडीलधाऱ्यांनी झाकला. लपविणारा एक आणि लाजणारे दुसरेच!

मराठीकडे वळले की मामला निराळा होतो. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांत विरहिणी बोलते. क्रियापद स्त्रीलिंगी आणि कवी पुरुष. येथे आळवणी परमेश्वराचीच आहे याविषयी मला शंका नाही, आणि त्यामागे दुसरे काही हुडकीत बसणे मला अरसिकपणाचे वाटते. लावणीचे तसे नाही. राम जोशी (१७६२–१८१२), होनाजी, सगनभाऊ, परशराम या पुरुषांनी स्त्रीच्या मनातील अभिलाष इतक्या बारकाईने गायिला की तो ऐकून श्रोते भान विसरत. पण पेशवाईतील त्या फडांत ते शब्द ठेक्यावर साकार करणारा बहुधा नाच्या पोऱ्या असे, म्हणजे लुगडे नेसविलेला मुलगा. पवळेसारख्या स्त्रिया तमाशाच्या बोर्डावर गाजल्या त्या पुष्कळ पुढे, पठ्ठे बापूरावांच्या काळात. तेव्हा फेटेवाल्या मंडळींनी स्त्रीच्या आवाजातील शृंगार ऐकला आणि डोळ्यांनी मुलगा पाहिला, ही घटना शे-दीडशे वर्षे आपल्या गावोगाव घडत होती.

यावरून काय सिद्ध होते? राम जोशांच्या खासगी आवडीनिवडीविषयी काहीच नाही. अलीकडे काही उत्साही अभ्यासक लावणीतील एखाद्या शब्दावर बोट ठेवून शाहिराचे सारे अंतरंग उघडू पाहतात; ही घाई मला पटत नाही. सिद्ध होते ते श्रोत्यांविषयी. ‘हा तर केवळ संकेत’ म्हटले की ज्याला जे पाहायचे ते पाहण्याची मुभा मिळे, आणि कोणी कोणाला जाब विचारीत नसे. संकेत म्हणजे जणू गावची चावडी. तेथे कोणीही येऊन बसावे. का आलास, असे कोणी विचारीत नाही. मात्र त्या नाचणाऱ्या मुलांच्या मनात काय होते, त्यांपैकी किती पोटासाठी उभी होती आणि किती जणांवर जुलूम झाला, हे कोणत्याही लावणीत लिहिलेले नाही. जुन्या फडांचे गोडवे गाताना हे विसरता कामा नये.

त्या अंबाजोगाईच्या उत्सवातच याची दुसरी बाजू मी पाहिली. कवड्यांची माळ घातलेले आराधी परडी घेऊन देवीची गाणी म्हणत होते, आणि त्यांतील काही पुरुष लुगडे नेसलेले होते. आमच्याकडच्या बायका त्यांच्या पाया पडतात, ओटीतले तांदूळ देतात. देवीने ज्याला आपले म्हटले तो कोणत्या वेषात यावा, हा प्रश्न तेथे निघत नाही. तीच मंडळी घरी आल्यावर एखाद्या मुलाच्या चालीबोलीवरून कशी कुजबुजतात, तेही मी पाहिले आहे.

आता स्त्रियांचे. रेख्ती पुरुषाने बाईच्या तोंडी घातलेली. ओवी मात्र बाईची स्वतःची. गी पॉयतवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यात आमच्या माजलगावचाही वाटा आहे. तेथील भीमनगरात १९९६ साली बायकांनी डॉ. आंबेडकरांवरील ओव्या गायिल्या, त्या ध्वनिमुद्रित झाल्या आहेत. जात्याला दोघी समोरासमोर बसतात, एकाच खुंट्यावर दोघींचे हात. सई, मैत्रीण, गडणी यांच्यापाशी मनीचे गुज उकलणे हा ओवीचा ठरीव विषय. सासर, नवरा, दळणाचा ढीग, या साऱ्यांतून सईसाठी राखून ठेविलेली ती पहाट. तिला काय नाव द्यावे? मैत्री म्हणावी तर शब्द कधी कधी तोकडा पडतो. दुसरे काही म्हणावे तर गाणारीने आपल्याला तसा अधिकार दिलेला नाही. सिराजाने निदान मसनवी लिहून साक्ष दिली. या बायकांची साक्ष ओवीपुढे जात नाही, आणि म्हणून मीही तेथेच थांबतो. एवढे मात्र म्हणतो, की ‘साधी मैत्रीच ती’ असे ठामपणे सांगणाराजवळही याहून अधिक पुरावा नाही.

सिनेमाच्या गाण्यांनी ही चावडी पुन्हा बांधून काढिली. १९६४ सालच्या ‘दोस्ती’त एक लंगडा आणि एक आंधळा असे दोन तरुण एकमेकांचा आधार होतात. मजरूह सुलतानपुरी यांची गीते, रफींचा आवाज, आणि विरहाची सारी भाषा मित्राला उद्देशून. ती ऐकून घरोघर डोळे पुसले गेले. कोणाला त्यात वावगे दिसले नाही आणि दिसायचे कारणही नव्हते. पण बीडसारख्या गावात, आपल्या मनातील गोष्टीला शब्द न सापडलेला एखादा मुलगा तीच गाणी रेडिओवर ऐकत असेल, तर त्याने ती निराळ्या कानांनी ऐकली असतील. गीतकाराचा तो हेतू असो वा नसो. ३७७ व्या कलमाखालून सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध सर्वोच्च न्यायालयाने वगळले ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी. तोवर अशा मुलाला उघड बोलण्याची सोय कायद्याने ठेविलीच नव्हती. गाणे तेवढे होते.

हे सारे लिहून झाल्यावर भाच्याला पत्र टाकिले. वडिलांचे उत्तर अर्धेच होते, उरलेले अर्धे सिराजाने स्वतः लिहून ठेविले आहे, असे कळविले आणि मसनवीचे नाव देवनागरीत काढून दिले. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाला, “मामा, त्या मसनवीतला तो तरुण पुढे परत आला का हो?”

मी म्हटले, “तू ये. आजोबांच्या कपाटात उर्दूचा कोश आहे. दोघे मिळून वाचू.”