व्हिन्सेंट व्हान गॉख याचे रेखनशिक्षण : १८८०–१८९०

(१)

'स्वयंशिक्षित' हा शब्द कलेच्या इतिहासात दोन अर्थांनी वापरला जातो, आणि हे दोन अर्थ बहुधा नकळत एकमेकांत मिसळतात. ज्याला गुरू लाभला नाही तो स्वयंशिक्षित, हा एक अर्थ; ज्याने शिक्षण घेतलेच नाही, केवळ अंतःस्फूर्तीने ज्याचा हात चालू लागला तो स्वयंशिक्षित, हा दुसरा. पहिल्या अर्थात शिक्षकाचा अभाव आहे, दुसऱ्यात शिक्षणाचाच. डच चित्रकार व्हिन्सेंट व्हान गॉख (१८५३–१८९०) याच्याविषयी सामान्य वाचकाच्या मनात दुसराच अर्थ दृढ झालेला आहे. त्याच्या अखेरच्या वर्षांतील दुर्दैवी घटनांनी त्याच्या चरित्राला जे कथारूप आले, त्यात पाठ गिरविणारा, मोजमाप करणारा, पुस्तके मागविणारा विद्यार्थी दिसेनासा झाला.

वस्तुतः एखाद्या चित्रकाराने रेखन कसे आत्मसात केले याचा इतका तपशीलवार पुरावा क्वचितच उपलब्ध असतो. हा पुरावा म्हणजे त्याचा पत्रव्यवहार. त्याचा धाकटा भाऊ थिओ याची पत्नी योहाना व्हान गॉख-बोंगर हिने थिओला आलेली पत्रे १९१४ मध्ये प्रसिद्ध केली. २००९ मध्ये निघालेल्या संशोधित आवृत्तीत एकूण ९०२ पत्रे असून त्यांपैकी ८१९ स्वतः व्हिन्सेंटने लिहिलेली आहेत. कोणते पाठ गिरविले, कोणते साधन कोणत्या कारागिराकडून करवून घेतले, कोणता अवयव साधत नाही, हे सारे त्यांत येते. या पुराव्याच्या आधारे प्रस्तुत लेखात एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे : शिक्षक विद्यार्थ्यासाठी जी कार्ये करतो, त्यांपैकी कोणती कार्ये या गुरुविहीन विद्यार्थ्याने अन्य साधनांकडून करून घेतली, आणि कोणत्या कार्यासाठी त्याला पुनःपुन्हा माणसांकडेच जावे लागले?

(२)

चित्रकार होण्याचा निश्चय त्याने १८८० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी केला. त्यापूर्वी १८६९ पासून १८७६ पर्यंत तो गूपील या चित्रव्यापारी पेढीच्या हेग, लंडन व पॅरिस येथील शाखांत नोकरीस होता. या सात वर्षांत त्याच्या डोळ्यांखालून असंख्य चित्रे व मुद्राचित्रे गेली. पुढे धर्मोपदेशक होण्याच्या ओढीने तो बेल्जियममधील बोरिनाज या कोळशाच्या खाणींच्या प्रदेशात गेला. परंतु १८७९ मध्ये त्याची नेमणूक पुढे चालू ठेवण्यात आली नाही. म्हणजे रेखनास आरंभ करताना त्याचा डोळा पुष्कळ पाहिलेला होता आणि हात जवळजवळ कोरा होता. ही विषमता ध्यानात ठेवणे अवश्य आहे. चांगले चित्र कोणते हे त्याला कळत होते. स्वतःच्या हातून ते का उतरत नाही हे कळत नव्हते.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये क्वेम या खाणकामगारांच्या गावातून तो थिओकडे मिलेच्या शेतकामाच्या चित्रमालिकेच्या मुद्राप्रती मागतो. त्याच सुमारास गूपीलच्या हेग शाखेचे व्यवस्थापक तेर्स्टेख यांच्याकडून त्याने शार्ल बार्ग याचा चित्रपाठ उसना मिळविला. हा पाठ झां-लेओं जेरोम या चित्रकाराच्या सहकार्याने तयार झालेला असून १८६८ पासून गूपील पेढीनेच तो प्रकाशित केला होता. जी पेढी त्याला नोकर म्हणून ठेवून घेण्यास राजी नव्हती, तिच्याच प्रकाशनाने त्याला विद्यार्थी केले.

बार्गच्या पाठाची रचना पाहिल्यावाचून त्याचे महत्त्व ध्यानात येत नाही. त्याचे तीन भाग असून शिलामुद्रित चित्रफलकांची एकूण संख्या १९७ आहे. पहिल्या भागात प्लास्टरच्या प्रतिमांवरून काढलेले ७० फलक आहेत. दुसऱ्यात थोर चित्रकारांच्या रेखाटनांवरून केलेले ६७. आणि तिसऱ्यात कोळशाच्या कांडीने गिरवावयाच्या नग्न मानवाकृतींचे ६०. पहिल्या भागातील अनेक फलकांवर एकाच वस्तूची दोन रूपे शेजारीशेजारी दिलेली असतात. एकात केवळ सरळ रेषांनी बांधलेला स्थूल सांगाडा, दुसऱ्यात छायाप्रकाशासह पूर्ण झालेले चित्र. वक्र रेषा प्रथम सरळ तुकड्यांत मोडावी, तुकड्यांचे परस्परप्रमाण व कोन जुळवावेत, आणि मगच वळण द्यावे, ही शिस्त तीत अभिप्रेत आहे. अक्षर शिकणाऱ्या मुलास आधी उभ्या-आडव्या रेघा व अर्धवर्तुळे गिरवावयास लावतात, त्यासारखाच हा प्रकार होय.

व्हान गॉखने आरंभ केला तो तिसऱ्या भागापासून, आणि ते साठही फलक त्याने पुन्हा पुन्हा गिरविले. १८८० च्या ऑक्टोबरात तो ब्रुसेल्सला आला. तेथे विलेम रूलोफ्स या चित्रकाराची त्याने भेट घेतली. कलाशाळेच्या नोंदवहीत त्या नोव्हेंबरात त्याचे नाव आढळते, पण तेथे तो फार काळ राहिला नाही. याच महिन्यांत कलावंतांसाठी लिहिलेल्या शरीररचनेच्या एका पुस्तकावरून मानवी सांगाडा व स्नायू यांचे मोठे रेखाटन त्याने पाच कागदांवर शाईने केले. पुढे आर्मां कासान्य याची चित्रणविषयक पुस्तके त्याच्या अभ्यासात आली. त्यांपैकी एकाच्या नावातच 'रेखनाची वर्णमाला' अशा अर्थाचे शब्द आहेत.

क्रम लावून देणे हे शिक्षकाचे पहिले कार्य होय. आधी काय, मग काय, किती वेळा, हे त्याने ठरवावयाचे असते. हे कार्य मुद्रित पाठाने पुष्कळ अंशी पार पाडले. शिवाय अनुकृतीत आणखी एक सोय असते : मूळ फलक समोर असतो, आणि आपली रेषा त्याच्याशी ताडून पाहता येते. परंतु विद्यार्थी फलक मिटून निसर्गासमोर बसला की ही सोय संपते. झाडाला, रस्त्याला, वाकलेल्या मजुराला शेजारी छापलेले उत्तर नसते.

(३)

ही उणीव भरून काढण्यासाठी त्याने जे साधन केले ते यथादर्शनाची चौकट. १८८२ च्या उन्हाळ्यात हेग येथे त्याने ती करवून घेतली, आणि ऑगस्टमधील पत्रांत तिचे रेखाचित्रासह वर्णन केले. लाकडी चौकटीत एक उभा, एक आडवा व दोन तिरपे दोरे मध्यबिंदूत एकमेकांस छेदतील असे ताणलेले. चौकट दोन लांब पायांवर खुंट्यांनी वरखाली करून बसविता येत असे, आणि पायांना लोहाराकडून करून घेतलेली अणकुचीदार लोखंडी टोके असल्यामुळे शेवेनिंगेनच्या वाळूतही ती स्थिर उभी राहत असे. चित्रकाराने कागदावर त्याच चार रेघा ओढावयाच्या, डोळा एका जागी ठेवावयाचा, आणि छपराची कड किंवा शेताचा बांध दोऱ्याला कोठे छेदतो ते पाहून कागदावर तेथेच खूण करावयाची.

या साधनात नवे काही नव्हते. आल्ब्रेख्त ड्यूररच्या १५२५ च्या मापनविषयक ग्रंथात अशा उपकरणांची चित्रे आढळतात, आणि आपण जुन्या आचार्यांच्याच वाटेने जात आहो याची व्हान गॉखला जाणीव होती. त्याची भूमिका मात्र लक्षणीय आहे. चौकट ही हाताची कुबडी म्हणून त्याला नको होती. दीर्घ अभ्यासाने दृष्टी तयार झाली म्हणजे अतिशय वेगाने रेखन करता येईल, हा त्याचा हेतू होता. ती त्याने बराच काळ वापरली. पॅरिसमध्ये केलेल्या काही चित्रांतही रंगाखाली तिच्या रेघांच्या खुणा तांत्रिक तपासणीत आढळल्या आहेत. शिक्षकाचे दुसरे कार्य म्हणजे माप पुरविणे. येथे डोळे बारीक करून तुलना करणाऱ्या गुरूची जागा चार दोऱ्यांनी घेतली.

(४)

याच हेगमध्ये त्याला प्रत्यक्ष गुरूही लाभला होता. आंतोन मॉव्ह हा नामवंत चित्रकार त्याच्या मामेबहिणीचा पती. १८८१ च्या अखेरीस मॉव्हने त्याला जलरंग व तैलरंग यांचे प्राथमिक धडे दिले. पण काही महिन्यांतच हे नाते तुटले. मॉव्हने प्लास्टरच्या प्रतिमांवरून रेखन करण्याचा आग्रह धरला, आणि घरी परतल्यावर व्हान गॉखने त्या प्रतिमा कोळशाच्या पेटीत आपटून फोडल्या. जिवंत माणसांचे हातपाय रेखाटावयास उरणार नाहीत तेव्हाच प्लास्टरकडे वळेन, असा त्याचा त्वेषाचा निर्धार त्याच्याच पत्रात नोंदलेला आहे.

ही घटना शिस्तीविरुद्धच्या बंडाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. पण ज्याने साठ फलक वारंवार गिरविले, त्याला शिस्तीचा तिटकारा होता असे म्हणणे कठीण आहे. विरोध होता तो क्रम दुसऱ्याने ठरविण्याला. स्वयंशिक्षणाचे बळ व दौर्बल्य ही दोन्ही येथे एकाच ठिकाणी दिसतात. आपली निकड आपल्याला कळते हे बळ. आपली उणीव आपल्याला कळत नाही, किंवा कळली तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकवत नाही, हे दौर्बल्य.

प्लास्टर सोडून त्याने माणसे धरली. क्लासिना होर्निक हिच्यावरून १८८२ मध्ये 'सॉरो' हे रेखाचित्र झाले. वृद्धाश्रमातील म्हाताऱ्यांची रेखाटने त्याच हिवाळ्यातील. थिओकडून येणाऱ्या पैशांतील मोठा वाटा नमुना म्हणून बसणाऱ्यांना देण्यात जाई. सुताराची जाड शिसपेन्सिल, नैसर्गिक काळा खडू, शिलामुद्रणाची कांडी, शाई अशी साधने तो पारखून पाहत होता. पेन्सिलीची चकाकी मारण्यासाठी रेखाटनावर दूध ओतण्याची युक्तीही त्याने पत्रात सांगितली आहे. १८८३ च्या आरंभी 'द ग्राफिक' या इंग्रजी साप्ताहिकाचे १८७० ते १८८० या काळातील २१ खंड त्याने विकत घेतले. त्यांतील काष्ठमुद्रांत श्रमिकांचे जीवन काळ्या-पांढऱ्यात कसे मांडावे याचे शेकडो दाखले होते.

(५)

शिक्षकाचे तिसरे कार्य दोषदर्शनाचे, आणि तेच सर्वांत अवघड. क्रम पुस्तकातून येतो, माप दोऱ्यातून येते. परंतु 'हा हात चुकला' हे सांगावयास दुसरी दृष्टी लागते. १८८३ च्या डिसेंबरात व्हान गॉख न्यूनेन येथे आईवडिलांकडे आला. शेतकऱ्यांची पन्नास डोकी रंगविण्याचा संकल्प करून त्याने हिवाळाभर काम केले, आणि त्यातून १८८५ च्या वसंतात 'बटाटे खाणारे' हे पाच आकृतींचे चित्र सिद्ध झाले. त्याची शिलामुद्रा त्याने ब्रुसेल्सपासूनचा मित्र आंतोन व्हान राप्पार्ड याला पाठविली. राप्पार्डचे उत्तर निर्दय होते. उजवीकडील माणसाला गुडघा, पोट, फुप्फुसे का नाहीत, त्याचा हात इतका आखूड का, अर्धे नाक कोठे गेले, अशी त्याची विचारणा होती. व्हान गॉखने ते पत्र परत पाठविले, आणि पाच वर्षांची मैत्री त्यातून सावरली नाही.

पण पत्र परत केले तरी आक्षेप परत गेला नाही. त्याच उन्हाळ्यात देलाक्र्वाच्या रेखनपद्धतीविषयी त्याने जे वाचले, त्याने त्याची दृष्टी बदलली. आकृतीला बाह्यरेषेने न पकडता मधून, अंडाकृती घनांनी, पकडावे असे ते सूत्र होते. बार्गची शिस्त कडेकडून आत जाणारी. ही आतून कडेकडे येणारी. १८८५ च्या जुलै-ऑगस्टमधील सरवा वेचणाऱ्या, खोदणाऱ्या, कापणी करणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या मोठ्या रेखाटनांत देह भरीव झाले, वाकलेल्या पाठीला वजन आले. जुलैमधील एका पत्रात तो म्हणतो त्याचा आशय असा : शाळेच्या दृष्टीने निर्दोष अशी आकृती खोदत नसते, खोदणाऱ्याची क्रिया दिसावी म्हणून प्रमाणात जे फेरफार करावे लागतील, तेच आपल्याला शिकावयाचे आहेत. हे विधान अज्ञानाचे समर्थन नव्हे. प्रमाणाशी पाच वर्षे झुंजलेल्या माणसाने प्रमाण व हेतू यांतील भेद ओळखल्याचे ते चिन्ह आहे.

(६)

यानंतरही शिक्षकाचा शोध संपला नाही, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १८८६ च्या जानेवारीत अँटवर्पच्या कलाशाळेत त्याने प्रवेश घेतला. तेथे प्राचीन शिल्पांच्या प्लास्टर-प्रतिमा पाहून ग्रीकांच्या रेषेविषयी त्याने आदराने लिहिले. रेखनाचे शिक्षक सीबेर्ट यांच्याशी मात्र त्याचे पटले नाही. त्याला खालच्या वर्गात बसवावे असा निर्णय तेथील शिक्षकांनी मार्चअखेरीस दिला, तेव्हा तो महिनाभर आधीच पॅरिसला निघून गेला होता. पॅरिसमध्ये काही महिने तो कॉर्मोनच्या चित्रशाळेत जात असे. ज्याने १८८२ मध्ये प्लास्टर फोडले होते, त्यानेच येथे आपल्या खोलीत प्लास्टरच्या प्रतिमा बाळगल्या व त्यांवरून चित्रे केली. त्यांपैकी काही आज ॲम्स्टरडॅम येथील त्याच्या नावाच्या संग्रहालयात आहेत.

आर्लमधील १८८८ च्या बोरूच्या रेखाटनांत ठिपके, आखूड फटकारे व वळसे यांची जी लिपी दिसते, तिच्यामागे हा सर्व अभ्यास उभा आहे. परंतु अखेरचा दाखला त्याहूनही बोलका आहे. १८९० च्या जूनमध्ये, मृत्यूच्या काही आठवडे आधी, ओव्हेर येथून तो थिओकडे बार्गचे कोळशाचे पाठ पुन्हा मागतो. साठ फलक महिनाभरात पुन्हा गिरविता येतील असा त्याचा हिशेब होता. दहा वर्षे व सुमारे अकराशे रेखाचित्रे यांनंतर ही मागणी आलेली आहे.

मराठीत 'शिकणे' आणि त्याचे प्रयोजक रूप 'शिकविणे' असा भेद आहे. पहिल्यात कर्ता एक. दुसऱ्यात शिकविणारा व शिकणारा असे दोन. 'स्वयंशिक्षित' या शब्दाने हा भेद झाकला जातो. व्हान गॉख आपण होऊन शिकलेला नव्हता. त्याने स्वतःला शिकविले, म्हणजे दोन्ही भूमिका एकाच देहात वागविल्या. त्यांतील क्रम लावण्याचे व माप पुरविण्याचे काम त्याने पुस्तकावर व चौकटीवर सोपविले, आणि ते बव्हंशी साधले. दोषदर्शन मात्र कोणत्याही साधनावर सोपविता आले नाही. त्यासाठी तो रूलोफ्स, मॉव्ह, राप्पार्ड, सीबेर्ट, कॉर्मोन यांच्याकडे वळत राहिला. त्यांतील काहींशी भांडून तो दूर गेला. आणि जे ऐकवले नाही, त्याचे उत्तर त्याला अखेर पुढच्या कागदावर द्यावे लागले.