गोल पातळाची कुळकथा

जुहूच्या इस्कॉन मंदिरात उपवर होऊ घातलेल्या लेकीला दर्शनास नेणारी आई जेव्हा ‘अगं, देवळात जायचंय, जरा नीट नेस’ असे बजावते, तेव्हा तिच्या मनःचक्षूंपुढे बहुधा गोल नेसलेले पातळ आणि डोक्यावरून घेतलेला पदर असतो, आणि हा वेष पणजीच्या पणजीपासून अखंड चालत आला अशी तिची प्रामाणिक समजूत असते. वंशावळीचे दप्तर उलगडावे, तर दाखले मात्र निराळेच निघतात.

महाराष्ट्रात कुळाचाराला मान्य असलेली नेसण म्हणजे कासोट्याचे नऊवारी लुगडे. कच्छावाचून आणि उत्तरीयावाचून धर्मकार्यास बसणाऱ्याला शास्त्रकारांनी नग्नातच गणले होते, आणि अशा संस्कारात वाढलेल्या घरांतून सुवासिनीने कासोट्यावाचून गोल नेसून पूजेला बसणे हे आचाराला सोडून मानले जाई. पोटरी दिसली तरी चालेल, परंतु कासोटा सुटता कामा नये, असा तो दंडक होता. साष्टी बेटावरील कोळणीने हेच लुगडे कामासाठी गुडघ्यापर्यंत आवळले. पोर्तुगीज अमदानीत ज्यांच्या पूर्वजांनी ख्रिस्ती धर्म पत्करला आणि ज्यांच्या समाजाने 1887 साली ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले, त्या घरांतील स्त्रियांनीही लुगडे टाकले नाही. उपासना पालटली, नेसण राहिली. त्यांच्या रोमन कॅथलिक चर्चच्या 1917 च्या धर्मसंहितेत स्त्रीने उपासनेच्या वेळी मस्तक झाकावे असे कलम होते. 1983 च्या संहितेत ते उरले नाही, आणि त्यामुळे कोणाची श्रद्धा खारीज झाली नाही.

गोल नेसणीचा मराठी घराण्यातील सर्वांत बोलका दाखला आनंदीबाई जोशी यांचा आहे. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, अशी ग्वाही बंगालमधील श्रीरामपूरच्या सभेत देऊन वयाची अठरा वर्षे नुकतीच पुरी केलेल्या या मुलीने 7 एप्रिल 1883 रोजी कलकत्त्याहून अमेरिकेस प्रयाण केले. तेथील हिवाळ्यात नऊवारीचा निभाव लागेना, शिवाय पोटऱ्या उघड्या राहत. तेव्हा तिने गुजराती धर्तीची गोल नेसण पत्करली. आहार शाकाहारीच राहिला, आणि 1886 साली पेन्सिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी तिने मिळविली. ज्या नेसणीला घरचा आचार शिथिल म्हणाला असता, तीच तिला परमुलखात अधिक मर्यादशील वाटली, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुण्यामुंबईच्या शिकलेल्या मुली गोल पातळ नेसू लागल्या, तेव्हा जुन्या वळणाच्या सासवांनी नाके मुरडली. महर्षी कर्व्यांनी 1916 साली स्थापन केलेल्या आणि आज जुहूलाही ज्याचा विस्तीर्ण परिसर आहे, त्या महिला विद्यापीठात शिकलेल्या पिढ्यांनी मात्र ते अंगवळणी पाडले. एकेकाळी ज्यावर फिर्याद होती तेच पुढे सभ्यतेचे प्रमाण झाले, आणि 1978 साली जुहूला उभ्या राहिलेल्या इस्कॉन मंदिरात परदेशी भक्तिणीही साडी नेसून, मस्तकावर पदर घेऊन कीर्तनात उभ्या राहू लागल्या.

यावरून मर्यादा ही निव्वळ कल्पना आहे असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. प्रत्येक पिढीने देवापुढे जाताना काही ना काही आवरून घेतलेच. काय आवरायचे, याची हद्द तेवढी सरकत गेली. म्हणून लेकीपुढे हुकूमनामा ठेवण्यापेक्षा हा सारा इतिहास ठेवणे श्रेयस्कर, कारण त्यात आईचीही कसोटी लागते. लेकीने निराळा वेष निवडला, तर आनंदीबाईंपाशी होते तसे सबळ कारण तिच्यापाशी असावे. आणि आईने मनाई केली, तर ‘पूर्वापार चालत आले आहे’ याहून अधिक काही तिलाही सांगता यावे.