हाडांवरची वंशावळ

प्राचीन चीनचा इतिहास सांगण्याची एक ठरलेली रीत आहे: आधी शिया, मग शांग, मग चौ. एक घराणं बुडालं की दुसरं उभं राहतं आणि सत्तेचा धागा न तुटता पुढे जातो. इ. स. पू. पहिल्या शतकाच्या सुरुवातीला सिमा च्येन या इतिहासकाराने ‘शिजी’ या ग्रंथात ही मांडणी पक्की केली. तो लिहीत होता तेव्हा शांग घराणं बुडून साडेनऊशे वर्षं लोटली होती, त्यामुळे त्याने दिलेली शांग राजांची यादी ही केवळ दंतकथा असावी, अशी शंका आधुनिक काळात घेतली जाऊ लागली. १९१७ मध्ये वांग ग्वोवेइ या विद्वानाने ती शंका दूर केली. शांग काळातल्या हाडांवर कोरलेली राजांची नावं त्याने सिमा च्येनच्या यादीशी ताडून पाहिली आणि यादी बव्हंशी बरोबर निघाली. या शोधावरून लगेच एक अनुमान काढलं गेलं आणि ते आजही काढलं जातं: शांगची यादी खरी ठरली, त्या अर्थी त्याच लेखकाने दिलेली शियाची यादीही खरी असली पाहिजे. हे अनुमान मला चुकीचं वाटतं. शांगची यादी टिकली ती इतिहासकाराच्या काटेकोरपणामुळे नव्हे. तिला जिवंत ठेवणारी एक विशिष्ट प्रथा होती, आणि तशी प्रथा शियाच्या बाबतीत आपल्याला दाखवता येत नाही.

ती प्रथा समजून घ्यायची तर हाडांकडेच जायला हवं. औषधात घालण्यासाठी ‘ड्रॅगनची हाडं’ म्हणून विकल्या जाणाऱ्या तुकड्यांवर जुनी अक्षरं आहेत, हे १८९९च्या सुमारास बीजिंगमधल्या वांग यिरोंग याने ओळखलं. ही हाडं हनान प्रांतात आनयांगजवळच्या श्याओतुन गावातून येतात हा माग १९०८ मध्ये लागला आणि १९२८ पासून तिथे पद्धतशीर उत्खनन सुरू झालं. १९३६ मध्ये एकाच खड्ड्यात सतरा हजारांहून अधिक कोरीव तुकडे मिळाले. बैलाच्या खांद्याच्या हाडात किंवा कासवाच्या पोटाकडच्या कवचात मागच्या बाजूने खळगे करायचे, तिथे निखाऱ्याची धग द्यायची, आणि पुढच्या बाजूला पडणाऱ्या भेगांवरून राजाने कौल वाचायचा, अशी ती रीत होती. मग प्रश्न, राजाचा अर्थ आणि क्वचित प्रत्यक्ष घडलेली गोष्टही त्याच हाडावर कोरली जाई. इ. स. पू. १२५० च्या आसपास राज्य करणाऱ्या वू डिंग राजाची राणी फू हाओ हिच्या बाळंतपणाचा असा एक कौल आहे. एकतीस दिवसांनी ती बाळंत झाली, पण शुभ झालं नाही, मुलगी झाली, अशी त्यावर नोंद आहे. घडलं ते मनासारखं नव्हतं तरी ते कोरून ठेवलं गेलं. हीच फू हाओ सैन्य घेऊन लढायलाही जात असे. तिची अस्पर्शित कबर १९७६ मध्ये सापडली आणि तीत चारशेहून अधिक ब्राँझची भांडी व वस्तू निघाल्या.

राजांच्या यादीचं मर्म या कौलांतल्या एका मोठ्या विषयात आहे: कोणत्या पूर्वजाला कोणत्या दिवशी काय अर्पण करायचं? शांग लोकांचा आठवडा दहा दिवसांचा होता आणि प्रत्येक दिवसाला नाव होतं. राजा वारला की त्याला या दहांपैकी एका दिवसाचं नाव मिळे आणि त्याच दिवशी त्याचा विधी होई. उत्तर शांग काळात तर पाच विधींचं एक चक्रच बसवलं गेलं. प्रत्येक पूर्वज आपल्या क्रमाने, आपल्या दिवशी त्यात येई आणि सगळं चक्र पुरं व्हायला जवळजवळ वर्ष लागे. श्राद्धाची तिथी ज्या घरात पाळली जाते तिथे आजोबा-पणजोबांची नावं विसरली जात नाहीत. शांग दरबारात तेच सुमारे तीस राजांच्या बाबतीत, सबंध राज्याचा कारभार म्हणून चाललं होतं. नाव चुकलं किंवा क्रम चुकला तर पूर्वज कोपतो, दुखणं येतं, पाऊस पडत नाही, अशी समजूत होती. बैल-मेंढ्यांबरोबर छ्यांग जमातीच्या कैद्यांचेही बळी या विधींत दिले जात. वंशावळीच्या या अचूकपणासाठी माणसांच्या जिवाने मोजलेली किंमत तिचं कौतुक करताना नजरेआड होता कामा नये.

इ. स. पू. १०४६ च्या सुमारास चौ लोकांनी शांगचा पाडाव केला, तरी विधी थांबले नाहीत. जेत्यांनी शांग वंशातल्या एकाला सोंग हे राज्य दिलं, ते पूर्वजांची अर्पणं चालू राहावीत म्हणूनच. हे राज्य इ. स. पू. २८६ पर्यंत टिकलं, म्हणजे सिमा च्येनच्या जन्माला तेव्हा दीडशेच्या आसपास वर्षं उरली होती. यादी त्याच्यापर्यंत कशी पोहोचली याचा हा सर्वांत सयुक्तिक मार्ग आहे. तिच्यातल्या चुकाही हेच सांगतात. राज्य स्थापन होण्याआधीच्या पूर्वजांत बाओ यी, बाओ बिंग, बाओ डिंग असा क्रम हाडांवर आहे आणि तो वारांच्या क्रमाशी जुळतो. सिमा च्येनने मात्र बाओ डिंगला आधी घातलं आहे. विधी करणाऱ्याच्या हातून ही चूक व्हायची नाही, नक्कल करणाऱ्याच्या हातून सहज होईल. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. हाडांवरच्या क्रमात या आद्य सहा पूर्वजांची नावं आठवड्यातल्या पहिल्या चार आणि शेवटच्या दोन दिवसांची आहेत, तीही ओळीने. खऱ्या माणसांच्या पिढ्या इतक्या नीटनेटक्या येत नाहीत. म्हणून ही नावं नंतर, विधीच्या सोयीसाठी बसवली असावीत असा तर्क अभ्यासकांनी केला आहे. म्हणजे प्रत्यक्ष शांग राजांच्याही स्मृतीचं मागचं टोक रचलेलं असू शकतं.

शियाकडे वळलं की भूमी बदलते. शियाची गरज सर्वांत जास्त होती ती चौ राजांना. शांगचा राजा दुराचारी झाला म्हणून स्वर्गाने आपला आदेश काढून घेतला आणि आम्हाला दिला, असा त्यांचा दावा होता. पूर्वी असंच एकदा घडलं होतं, शियाचा आदेश शांगकडे गेला होता, असा दाखला देता आला की या दाव्याला बळ येई. यावर एक वजनदार आक्षेप आहे. ‘शुजिंग’ या प्राचीन संग्रहात जित शांग सरदारांना उद्देशून केलेलं एक भाषण आहे. तुमच्या पूर्वजांनी शियाला हटवलं हे तुमच्याच दप्तरात लिहिलेलं आहे, असं त्यात त्यांना सुनावलं आहे. श्रोत्यांना ठाऊक नसलेली गोष्ट त्यांच्याच तोंडावर कशी सांगता येईल? हा मुद्दा मी मान्य करतो. शांगच्या आधी कोणतीतरी मोठी सत्ता होती आणि तिची आठवण होती, इतकं त्यातून निघू शकतं. पण तो ग्रंथ आपल्याकडे चौ परंपरेतून आला आहे. शिवाय एका सत्तांतराची आठवण आणि सतरा राजांची नावनिशीवार यादी यांत फार अंतर आहे. हाडांवर शिया घराण्याचा उल्लेख सापडत नाही, याला मात्र मी पुरावा मानत नाही. पाऊस, पीक, लढाई, बाळंतपण आणि स्वतःचे पूर्वज यांविषयी कौल लावणाऱ्याला परक्या घराण्याचं नाव घेण्याचं कारण नव्हतं.

शियाच्या वंशजांनाही ची नावाचं छोटं राज्य दिलं होतं, मग तिथेही यादी टिकली नसेल का, असं कुणी विचारेल. याचं उत्तर कन्फ्यूशियसच्या नावावरच्या एका वचनात आहे. शियाच्या आचारांविषयी बोलावं तर ची राज्यात पुरेसा आधार मिळत नाही, अशी त्याची तक्रार होती. सोंगविषयीही त्याने तेच म्हटलं. फरक इतकाच की सोंगची उणीव पुढे आनयांगच्या जमिनीने भरून काढली, ची राज्याच्या बाबतीत तसं काही घडलेलं नाही. पुराला वाट करून देणारा यू, ज्याला शियाचा संस्थापक म्हणतात, त्याचं नाव इ. स. पू. नवव्या शतकाच्या आसपासच्या एका ब्राँझ भांड्यावर आहे. पण त्या लेखात शिया घराण्याचा शब्द नाही. प्राचीन पुरुष जितका आधीचा म्हणून सांगितला जातो तितका तो ग्रंथांत उशिरा येतो, हे गू ज्येगांग या इतिहासकाराने १९२३ मध्ये दाखवलं होतं. ग्रंथांत यू आधी आला, त्याच्या पूर्वीचे मानले जाणारे याओ आणि शुन हे राजे नंतर, आणि त्यांच्याही पूर्वीचा मानला जाणारा पीत सम्राट त्यांच्याही नंतर.

राहिलं अरलितोउ. १९५९ मध्ये शू शुशेंग हा पुरातत्त्वज्ञ शियाचे अवशेष शोधायलाच निघाला होता आणि लोयांगजवळ त्याला हे स्थळ मिळालं. सुमारे तीनशे हेक्टरांचा विस्तार, राजवाड्यांचे चौथरे, साच्यातून ओतलेली ब्राँझची मद्यपात्रं, दोन हजारांहून अधिक पिरोजाच्या तुकड्यांचा ड्रॅगन, असं सगळं तिथे आहे. ते राज्य होतं याबद्दल मला शंका नाही. चीनमधले अनेक पुरातत्त्वज्ञ त्यालाच शिया म्हणतात, आणि जागा व काळ पाहता ते अशक्य नाही. पण तिथे वाचता येईल असा लेख सापडलेला नाही. शिवाय २००० मध्ये सरकारी कालगणना प्रकल्पाने शियाचा आरंभ इ. स. पू. २०७० च्या सुमारास धरला, तर किरणोत्सारी कार्बनच्या मापनानुसार अरलितोउ इ. स. पू. १७५० च्या आसपास सुरू होतं. मधली तीनशे वर्षं दुसऱ्या कुठल्या तरी गावाला बहाल करावी लागतात.

नाव काहीही द्या, अवशेष तेच राहतात, मग एवढा आग्रह कशाला, असंही म्हटलं जातं. आग्रह यासाठी की एकदा नाव चिकटलं की उत्खननात काय शोधायचं आणि काय किरकोळ मानायचं हे तेच ठरवू लागतं. हांगचौजवळच्या ल्यांगचू इथे इ. स. पू. ३३०० ते २३०० या काळात तटबंदीचं शहर आणि मोठे बांध होते. सिचुआनमधल्या सान्शिंगत्वेइच्या खड्ड्यांतून १९८६ मध्ये २.६२ मीटर उंचीची ब्राँझमूर्ती आणि जवळजवळ चार मीटरचं ब्राँझचं झाड निघालं. ते लोक आनयांगच्या राजांचे समकालीन होते, आणि त्यांचं शिल्प आनयांगच्या कोणत्याही भांड्यासारखं नाही. शिया-शांग-चौ या ओळीत या दोघांनाही जागा नाही, कारण त्यांच्या पूर्वजांची अर्पणं पुढे चालवणारं सोंगसारखं राज्य आपल्या माहितीत नाही. तेव्हा त्या काळातला लेख हाती येईपर्यंत अरलितोउला अरलितोउच म्हणावं, आणि शाळेच्या पुस्तकातल्या नकाशावर त्याच्या बरोबरीने ल्यांगचू आणि सान्शिंगत्वेइही छापावेत.